जॉर्ज राजाच्या घराला ओटी नाही

माझे सासू-सासरे दोन महिने इंग्लंडला लेकीकडे राहून आले, तेव्हा सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो होते आणि त्यांतले बहुतेक विटांचे होते. आम्ही सगळे दाटीवाटीने बसून बघत होतो. लाल विटा, तांबूस विटा, उन्हातल्या विटा, भिजलेल्या विटा. शेवटी नवऱ्याने विचारलं, "बाबा, ताई कुठे आहे?" तर एका फोटोच्या कडेला तिचा निम्मा खांदा सापडला. तिला "जरा सरक, कोपरा झाकतेस" असं सांगितलं होतं म्हणे.

कोपरा घराचा होता. नणंद तिकडे नर्स आहे आणि एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. जॉर्जियन म्हणतात त्या पद्धतीचं ते घर. जॉर्ज नावाचे चार राजे तिथे एकामागून एक गादीवर बसले, त्यांच्या काळातली ही घरबांधणी. बाबांनी त्याचं सुटसुटीत मराठी केलं, 'जॉर्ज राजाचं घर'. पुढे आमच्याकडे ह्या राजाचं नाव इतक्या वेळा निघालं की शेजाऱ्यांना तो आमचा दूरचा व्याही वाटला असेल.

पण घर देखणं होतं, हे मला मान्यच करावं लागलं. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, त्यामुळे घरातल्या बाकीच्यांसारखी मला जांभई आली नाही. मधोमध दार, दाराच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खिडक्या, वरच्या मजल्यावर त्याच रांगेत पाच. मधून घडी घातली तर डावी बाजू उजवीवर नेमकी बसावी. खिडक्या उंच, अरुंद, आणि पल्ला बाहेर न उघडता वर सरकणारा. दारावर अर्धगोल काच, तिच्यात हातपंख्यासारख्या काड्या. सगळ्यात वरच्या मजल्याच्या खिडक्या मात्र बुटक्या. तिथे पूर्वी नोकरमाणसं राहायची, आणि नोकरांना उजेड कमी लागतो अशी मालकांची समजूत असावी. आमची ताई आता तिथेच राहते.

आणि विटा. एक वीट लांबीने, शेजारची डोक्याने, पुन्हा एक लांबीने. खिडकीवरच्या विटा घासून पाचरीसारख्या केलेल्या, एकमेकींना धरून बसलेल्या. छप्पर कठड्याआड लपवलेलं. अख्ख्या भिंतीवर प्लास्टरचा एक थेंब नाही. "एवढी वर्सं झाली," बाबा कौतुकाने म्हणायचे, "अजून अंगात सदरा घातला न्हाय त्यानं." आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी जाहीर केलं की आपण असंच बांधायचं.

बाबांचं घराणं जुन्या भाईंदरचं, मिठागरवाल्यांचं. मिठागरं गेली, भातशेतावर टॉवर उभे राहिले, आणि गावठाणातला घराचा तुकडा तेवढा आपला म्हणून उरला. भाऊबंदांनी आपापल्या तुकड्यांवर बंगले बांधले होते. एकाच्या फाटकावर दोन सिंह आहेत, एकाला अंगभर निळी काच आहे, आणि बाबांचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे आमचे थोरले काका, ह्यांच्या गच्चीवर सिमेंटचं मोठं कमळ उमललंय. "कुनाचं हाटेलसारखं, कुनाचं बँकेसारखं," बाबा म्हणाले. "आपलं घर घरासारखं पायजे." घरासारखं घर शोधायला माणूस भाईंदरहून इंग्लंडला गेला, ह्यावर कुणी हसलं नाही, कारण बाबांना हसणं चालत नाही.

मी शांती नगरच्या सेक्टरमध्ये, फ्लॅटांच्या वसाहतीत वाढले. एक स्टेशन ओलांडून सून म्हणून आले. नकाशे काढणारी सून घरात आहे म्हटल्यावर काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. रात्रीची भांडी झाली की बाबा टेबलाशी येऊन बसायचे आणि आम्ही भांडायचो.

"बाबा, खिडक्यांवर छज्जा लागेल."

"जॉर्जच्या घराला छज्जा न्हाय."

"त्याच्याकडे आपल्यासारखा पाऊस नाही. पाणी थेट आत येईल."

"मंग खिडकी लावून घ्याची."

छज्जा मी हरले. धुराड्यांवर मात्र तह झाला. शेकोटी नसलेल्या घराला बाबांना दोन धुराडी हवीच होती, दोन्ही टोकांना एकेक. त्यांतल्या एकात मी पाण्याची टाकी बसवली आणि दुसऱ्यात काहीच नाही. वरच्या मजल्यावर एका खिडकीच्या मागे जिना येत होता. ती खिडकी काढून टाकू म्हटलं तर बाबांनी फोटो पुढे केला. तिकडेही एक खिडकी नुसतीच होती. चौकट आहे, आत विटा भरलेल्या, उघडायचा प्रश्नच नाही. समोरून जोड जुळावी म्हणून केलेली ती खोटी खिडकी. बाबांना सगळ्यात जास्त तीच आवडली होती. खोट्या खिडकीसाठी एवढं झुरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा सासूबाईंना बोलावलं. आईंना नकाशा वाचता येत नाही, पण समोरून दिसणाऱ्या घराचं चित्र मी रंगवून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावला, दाराच्या दोन पायऱ्यांवर बोट ठेवलं आणि एकच विचारलं.

"बसाचं कुठं?"

"आत हॉल हाय की केवढा," बाबा म्हणाले. "सोफा घेऊ."

आई "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या कुठलं बसणं विचारत होत्या हे बाबांना कळलं नाही, मला कळलं. आमच्या जुन्या कौलारू घराला पुढून लांबच्या लांब ओटी होती. दुपारी जेवणं आटोपली की आई तिथे सूप घेऊन बसायच्या आणि गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन टेकायच्या. कुणी तांदूळ निवडायचं, कुणी समुद्रकाठच्या पालीहून आणलेला सुका जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी, कुणी नुसतीच जांभया द्यायची. येण्यासाठी कारण लागत नसे. आईंचे गुडघे गेल्यापासून त्या कुणाच्या दारात जात नाहीत. त्यांना जे काही जग उरलं होतं ते चालत ओटीवर यायचं. मी बाबांना म्हटलं, पुढे एक लहानशी ओटी काढूया. बाबा माझ्याकडे मी राजाच्या तोंडाला मिशी काढायला निघाल्यासारखे बघायला लागले. "जॉर्ज राजाच्या घराला ओटी न्हाय," ते म्हणाले, आणि विषय संपला. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला. पण मी सून, आणि नकाशाची रेघही त्यांच्याच घराची.

जुनं घर उतरवलं आणि बांधकाम होईपर्यंत आम्ही सिल्व्हर पार्कमध्ये चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या चौघीजणी रिक्षा करून आईंना भेटायला आल्या. खाली वॉचमनने विचारलं, "किसके यहाँ जाना है? क्या काम है?" काम काय, हे त्यांना सांगता येईना. वर येऊन त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या, पाय वर घेता येईनात म्हणून अवघडल्या, सरबत पिऊन गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. आई दुपारी गॅलरीच्या ग्रिलला धरून उभ्या राहायच्या. घर झालं की सगळ्या परत येतील असं त्या मला सांगायच्या, आणि मी मान डोलवायचे. ज्या घराला टेकायला जागाच मी ठेवली नव्हती त्या घराबद्दल ही बाई आशेने बोलत होती.

घर मात्र झोकात वर येत होतं. मिस्त्री उत्तरेकडचा, हात चांगला, फक्त त्याला एक कोडं सुटत नव्हतं. रोज तो मला विचारायचा, "मॅडम, प्लास्टर कब मारना है?" मी सांगायचे, मारायचंच नाही. तो माझ्याकडे दयेने बघायचा आणि विटांमधले सांधे भरायला लागायचा. परांची उतरली आणि पुढचा भाग उघडा झाला त्या दिवशी बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून डावी बाजू उजवीशी ताडून बघत राहिले. दहा खिडक्या-दारांची ती जुळलेली लाल भिंत खरंच सुरेख दिसत होती. मलाही भरून आलं.

मग लोक यायला लागले. प्लास्टर न केलेलं घर आमच्या गल्लीत सुंदर नसतं, पैसे संपून अडलेलं असतं. लोक थांबायचे, वर बघायचे, आणि आवाज खाली घेऊन बाबांना म्हणायचे, "होईल, होईल सगला." बाबांना वाटायचं, हे आत राहायला येण्याबद्दल बोलतायत. सिंहवाल्या भाऊबंदाने सिमेंटच्या गोणी आणून टाकल्या, म्हणाला, उरल्या होत्या. बाबा खूश झाले. निळ्या काचवाल्याने खोट्या खिडकीकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "खिरकी बुजवावी लागली काय?" बाबा त्याला जॉर्ज राजाची गोष्ट सांगत बसले. तो ऐकून घेत राहिला, आणि जाताना बाबांच्या पाठीवर त्याने जो हात ठेवला तो मयताला आलेल्या माणसासारखा होता.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मिठागराच्या दिवसांतली एक रीत बाबाच आम्हाला अभिमानाने सांगायचे. खाडीच्या भरतीने कुणाचा बांध फुटला की तो माणूस कुणाला बोलवायला जात नसे. बोलवायला लागणं म्हणजे लाज. ज्यांना दिसलं ते आपलं फावडं घेऊन यायचे, बांध घालायचे, त्या घरी भात जेवायचे आणि जायचे. कुणी आभार मानायचे नाहीत, कुणी पुन्हा विषय काढायचा नाही.

आईंच्या माहेरी उरणकडे लग्न होतं. हळद आणि लग्न करून आम्ही परत आलो ते सामान घेऊन थेट नव्या घरी, कारण बाबांना त्यांची भिंत बघितल्याशिवाय चैन नव्हतं. गाडी गल्लीत वळली आणि आम्हाला परांची दिसली. परांचीवर थोरले काका उभे होते, वयाचा विचार न करता, लुंगी खोचून, हातात थापी. त्यांच्या बाजूला सिंह, त्यांच्या बाजूला निळी काच, खाली त्यांची पोरं माल कालवतायत, आणि मिस्त्री सगळ्यांवर देखरेख करत आनंदाने ओरडतोय. तळमजला पुरा झाला होता. दाराच्या दोन्ही अंगांना गुळगुळीत, ओलं, राखाडी प्लास्टर. माल धरावा म्हणून आधी विटांना छिन्नीने खाचा पाडलेल्या होत्या. म्हणजे ते खरवडूनही काही उपयोग नव्हता.

"आलास?" थोरले काका वरून म्हणाले. "वरचा मजला उद्या. तू काय बोलू नको."

बाबांनी दारापाशी जाऊन भिंतीला बोट लावून बघितलं, बोट राखाडी झालं. मिस्त्री माझ्याजवळ येऊन समाधानाने म्हणाला, "मॅडम, मैंने बोला था ना, लगेगा प्लास्टर." मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. नवरा तर गाडीतून उतरलाच नाही.

पण रीत ती रीत. काम केलेल्यांना भात घालायला हवा होता. आई गुडघे धरून उतरल्या आणि त्यांनी पुतण्यांना सांगून शेजारून दोन मोठी पातेली मागवली. काकूंनी वाटण दिलं, कुणी बोंबील दिले, तासाभरात जेवण तयार झालं. आणि मग अडचण आली. हातापायांना सिमेंट लागलेली ती माणसं आतल्या नव्याकोऱ्या फरशीवर पाय ठेवायला तयार होईनात. पुढे बसायला दोन पायऱ्या, त्याही ओल्या. सगळे भाऊबंद ताटं हातात घेऊन भर उन्हात रस्त्यावर उभ्याने जेवायला लागले. रिक्षा आली की एका बाजूला व्हायचे, गेली की पुन्हा घास घ्यायचे. आई पातेलं कडेवर घेऊन एकेकाला वाढत फिरत होत्या.

थोरल्या काकूंनी इकडे-तिकडे बघितलं. "गो, तुना बसाला कुठं ठेवलंय ह्यांनी?" त्यांनी आईंना विचारलं.

आई वाढता वाढता, अगदी सहज, हसतच सांगायला लागल्या. म्हणाल्या, "तिकडं लेकीच्या घराला पन न्हाय गो. मी दुपारची कशीबशी जिना उतरून मेथी घेऊन पायरीवर बसाची. येनारे-जानारे थांबाचे, इंग्लिशमध्ये काय तरी इचाराचे. लेकीला सांगितलं तवा ती म्हनाली, ते इचारतात, आजी, किल्ली हरवली काय? घर उघडाला मानूस बोलवू काय? दोन म्हैने, गो, तेवढंच बोलले माझ्याशी सगले."

बायका खो खो हसल्या. आईही हसल्या आणि पुढच्या ताटात भात वाढायला गेल्या. बाबा तिथेच उभे होते, ताट हातात. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. दोन महिने ते रोज दुपारी गल्लोगल्ली हिंडून जुनी घरं बघायला जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघताना बाबा सिल्व्हर पार्कच्या त्या गॅलरीत नकाशा मांडीवर घेऊन बसलेले दिसले. थोरल्या काकांना त्यांनी सांगितलं होतं की वरचा मजला राहू दे, माझा जीव आहे त्याच्यात. काकांनी 'बरं' म्हणून मान हलवली होती, बहुतेक पुन्हा कधीतरी येऊ ह्या बेताने. नकाशावर दाराच्या पुढच्या मोकळ्या जागेवर बाबांनी बोट ठेवलं.

"हितं ओटी काढ."

आणि मी, जिने ह्याच ओटीसाठी ह्याच माणसाशी वाद घातला होता, ती चक्क म्हणाले, "बाबा, समोरचं सगळं बिघडेल हो." वर्षभर राजाच्या संगतीत राहून मलाही त्याची लागण झाली होती.

"बिघडू दे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "पन खांब खिडक्यांच्या मधे बरोबर आले पायजेत. दोन्हीकडं सारखे."

तर अशी ती ओटी झाली. लांबच्या लांब, बसायला गुडघ्याएवढा कट्टा, वर कौलं. काकांनी मारलेलं सगळं प्लास्टर तिच्या सावलीत गेलं. वर जॉर्ज राजा त्याच्या लाल विटा, खोटी खिडकी आणि पाण्याची टाकी भरलेलं धुराडं घेऊन दिमाखात उभा आहे. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी बघितलं तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं की हे नकाशे आपल्या ऑफिसच्या नावाने गेलेले नाहीत ना.

राहायला गेलो त्या दुपारी आई पहिल्यांदा ओटीवर जाऊन बसल्या. अजून गल्लीतलं कुणी आलं नव्हतं, जेवणंच चालली होती. त्यांनी सूप पुढे घेतलं. मी दारातून बघत होते, त्या रस्त्याकडे बघत होत्या. तेवढ्यात आतून बाबा आले. बायकांच्या त्या वेळेला हा माणूस उभ्या जन्मात कधी ओटीवर फिरकला नव्हता. ते जरा अंतर ठेवून कट्ट्यावर बसले, पाय वर घ्यावेत की खाली सोडावेत हे त्यांना ठरवता येईना.

"तिकडं मना का न्हाय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

आईंनी सुपातून मान वर केली नाही.

"तिकडं तुमी खूश व्हते," त्या म्हणाल्या.

बाबांनी हळूच सूप आपल्याकडे ओढलं आणि जवळा निवडायला लागले. कचऱ्याबरोबर निम्मा जवळाही ते बाहेर टाकत होते, पण आईंनी त्यांना थांबवलं नाही.